हजारामागे पाच

पुस्तक हरवलं तर पैसे कोणी भरायचे?

शाळेच्या ग्रंथालयाचं प्रशिक्षण अलिबागला घ्या, मुरूडला घ्या की श्रीवर्धनला, हा प्रश्न येतोच. सत्र चालू असताना तो कोणी विचारत नाही. तेव्हा सगळे वर्गीकरणाचे क्रमांक वहीत उतरवत असतात. प्रश्न निघतो जेवणाच्या सुट्टीत, नळावर हात धुताना. एखादे गुरुजी जवळ येतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "मॅडम, तुमचं सगळं पटतं. पण उद्या पोरानं पुस्तक हरवलं आणि तपासणी लागली, तर माझ्या पगारातून जाणार ना?" त्यांच्या जागी कोणीही हेच विचारेल. अनेकांनी खरोखरच पदरमोड करून पुस्तकं भरून दिलेली असतात, काहींनी तर आधीच्या शिक्षकाच्या काळात गेलेली. हा धसका निघाल्याशिवाय प्रशिक्षण एक पाऊलही पुढे जात नाही. त्यामुळे हल्ली मी नळापर्यंत वाट बघत नाही. पहिल्या दिवशी, पहिल्याच तासाला हा विषय काढते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ग्रंथपालांचं प्रशिक्षण आहे म्हणजे समोर ग्रंथपाल बसलेले असणार. किनाऱ्यावर तसं नसतं. चिपळूणकर समितीच्या निकषांप्रमाणे माध्यमिक शाळेचा पट हजाराच्या वर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल मिळतो, पाचशेच्या वर असेल तर अर्धवेळ. आता रेवस-मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतची गावं डोळ्यांपुढे आणा. खाडीच्या अल्याड एक शाळा, पल्याड दुसरी, डोंगराच्या कुशीत वाडीवरची तिसरी. हजाराचा पट इथे किती शाळांना असणार? आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर ग्रंथपालाचं पदच नाही. मग प्रशिक्षणाला येतात चित्रकलेचे सर, शिवण शिकवणाऱ्या बाई, 'तू तरुण आहेस, तूच बघ' म्हणून ज्याच्या हातात चावी दिली गेली असा नवा शिक्षणसेवक आणि क्वचित एखादे अर्धवेळ ग्रंथपाल. अर्धवेळवाल्यांचं दुःख वेगळंच. काम पूर्ण दिवसाचं आणि पगार अर्धा, असं वर्षानुवर्षं चालू असतं. तरी तेच सर्वांत आधी येऊन बसतात.

रीतसर शिक्षणाची सोय आपल्याकडे नाही असं नाही. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं ग्रंथालयशास्त्र विद्यालय १९६१ पासून आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. ग्रंथालय संघांचे प्रमाणपत्र वर्ग आहेत. या सगळ्यांतून चांगली माणसं तयार झालेली मी पाहिली आहेत. पण या अभ्यासक्रमांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे ग्रंथालयाला खोली आहे आणि त्या खोलीला एक माणूस आहे. आमच्याकडे खोली म्हणजे मुख्याध्यापकांच्या टेबलामागचं लोखंडी कपाट. त्यावर ढाली आणि करंडक, शेजारी वजनकाटा, पुढ्यात शालेय पोषण आहाराच्या तांदळाची पोती. कपाट उघडायचं तर आधी पोती हलवायची. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला आणि महाराष्ट्राने १९६७ मध्ये आपला केला, हा आपल्याला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. पण तो सार्वजनिक ग्रंथालयांचा. शाळेतल्या कपाटाला त्याची सावली मिळत नाही.

तर पहिला तास. मी फळ्यावर एवढंच लिहिते: हजारामागे पाच. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम आहेत, २०१७ चे. त्यातला २१५ वा नियम ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पडताळणीचा. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी सगळी मोजा, असं तो सांगतो. आणि पुढे सांगतो की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी समजावं. अट अशी की त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांच्या वरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी होणारच. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या शाळेला तो जसाच्या तसा लागू नाही, हे मी त्याच दमात सांगते. तरीही तो वाचून दाखवला की हॉलमध्ये काहीतरी बदलतं. पुस्तक हरवू शकतं हे देशाच्या सरकारने लिहून ठेवलंय, हे बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलेलं असतं.

मग मी विचारते, हजार कशाचे? कपाटातल्या पुस्तकांचे?

कोणीतरी नियम पुन्हा वाचतं. कपाटातल्या नव्हे, दिलेल्या पुस्तकांचे. म्हणजे जी शाळा वर्षात दोन हजार वेळा पुस्तक मुलांच्या हातात देते, तिला दहा पुस्तकांची मोकळीक. जी शाळा एकदाही देत नाही, तिला एकाचीही नाही. कुलूप लावून ठेवणाऱ्याला हा नियम कसलंच संरक्षण देत नाही. एकदा हे उमगलं तेव्हा मागच्या बाकावरचे एक गुरुजी उभे राहिले. सेवानिवृत्तीला आलेले. म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं कपाट जपलं ते उलटं केलं म्हणायचं." मी म्हणाले, "सर, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं." त्यावर सगळा हॉल गप्प झाला. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शाळेतल्या शिपायाला फोन करून उद्या कपाट उन्हाला उघडून ठेवायला सांगितलं. मी तिथेच उभी होते.

या विषयात काम करणाऱ्याला रंगनाथन यांचं नाव घेतल्याशिवाय चालत नाही, पण मी त्यांची गोष्ट थोडी वेगळ्या बाजूने सांगते. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्या शांततेत त्यांचं मन रमेना, परत शिकवायला जायचं म्हणत होते. म्हणजे ग्रंथालयशास्त्राचा एवढा मोठा माणूससुद्धा आपल्या चित्रकलेच्या सरांसारखाच, दुसऱ्या विषयातून या कामात आलेला. १९२८ मध्ये आपल्या विचारांना बांधेसूद रूप द्यायची त्यांची धडपड चालू होती. तेव्हा पहिला नियम नेमक्या शब्दांत सुचवला तो त्यांचे जुने गणिताचे शिक्षक एडवर्ड रॉस यांनी: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. पुढे १९३१ मध्ये पाच नियमांचा ग्रंथ आला. ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग मात्र रंगनाथन यांनी त्याआधीच, १९२९ मध्ये सुरू केला होता. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो. तो पहिला नियम एका शिक्षकाच्या तोंडून आला हे कळल्यावर समोर बसलेल्या शिक्षकांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, त्यासाठी मी ही गोष्ट सांगते.

त्याच्याही आधीची गोष्ट बडोद्याची. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला, देशातला पहिला. लाकडी पेट्यांमधून पुस्तकं खेड्यापाड्यांत जायची. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच ग्रंथालय खात्यात चित्रं, काचेच्या स्लाइडा आणि सिनेमा दाखवणारी वेगळी शाखा होती. आज आपण ज्याला शैक्षणिक माध्यम म्हणतो ते शंभर वर्षांपूर्वी ग्रंथपालाच्याच कामाचा भाग होतं. आपल्याकडे नंतर दोन्हींची फारकत झाली. पुस्तकं एका बाईंकडे, प्रोजेक्टर दुसऱ्या सरांकडे, आणि दोघांच्या चाव्या एकाच खिळ्याला.

वर्गीकरण आम्ही शिकवतो, पण थोडं उशिरा आणि पुस्तकं हातात घेऊन. ड्युईची दशांश पद्धत १८७६ ची. ती कोळीवाड्याच्या शेजारच्या शाळेत आणली की काय होतं, हे पाहण्यासारखं असतं. एकदा माशांवरचं एक चित्रमय पुस्तक मी टेबलावर ठेवलं आणि विचारलं, कुठे लावाल? ड्युईच्या हिशेबाने मासा प्राणी म्हणून ५९७ मध्ये जातो. मासेमारी म्हटली की ६३९.२. स्वयंपाक म्हटला की ६४१. दोघा सरांनी पटकन ५९७ म्हटलं. कोळीवाड्यातल्या शाळेतून आलेल्या शिवणाच्या बाई मान हलवत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्या वर्गातल्या ज्या पोराच्या बापाची होडी आहे, तो हे जाळ्यांच्या पुस्तकांत शोधणार. जिची आई बाजारात बसते, ती आणखी कुठेतरी बघणार. प्राणी म्हणून पापलेट बघायला कोण जाणार हो? वाघ-सिंहाच्या शेजारी?"

पुढचा अर्धा तास याच्यावर रंगला. पुस्तक एकच, जागा तीन. शेवटी ग्रंथालयातला जुनाच उपाय निघाला. पुस्तक एका जागी ठेवायचं आणि उरलेल्या दोन जागी पुठ्ठ्याची नकली पुस्तकं उभी करायची. पुठ्ठ्यावर पुस्तकाचं नाव आणि बाण. बाईंनी ते पुठ्ठे मुलांकडून रंगवून घेतले. पुढच्या भेटीत पाहिलं तर मुलांनी स्वतःहून चौथा पुठ्ठा केला होता आणि तो हवामानाच्या पुस्तकांत लावला होता. कारण वारं बघितल्याशिवाय होडी बाहेर निघत नाही. वर्गीकरण म्हणजे वाचणारा कुठून येतो याचा अंदाज, हे त्या मुलांनी मला दाखवलं. त्यानंतर प्रत्येक तुकडीला मी हाच मासा देते.

आता शिपाईमामांची गोष्ट सांगायलाच हवी. एका शाळेतले सगळे शिक्षक मतदारयादीच्या कामाला लावलेले होते. मुख्याध्यापकांनी रिकामी खुर्ची नको म्हणून शिपायालाच प्रशिक्षणाला पाठवलं. मामा दारातच उभे. "मी आपला सही करून जातो," म्हणाले. त्यांना पुढे बसवलं. दुपारचं सत्र मोठ्याने वाचून दाखवण्याचं होतं. हे काम दिसतं सोपं, पण शिक्षकांना अवघड जातं. त्यांना पुस्तक स्वतःकडे वळवून धरायची सवय असते आणि दर पानाला थांबून अर्थ विचारायची. आम्ही सांगतो की पुस्तक खांद्याच्या बाजूला धरा, चित्र मुलांकडे, पान उलटण्याआधी एक श्वास थांबा, आणि शेवटी तात्पर्य विचारू नका. हे शेवटचं जिवावर येतं. वर्षानुवर्षांची सवय असते.

मामांनी ज्योत्स्ना प्रकाशनाचं एक चित्रपुस्तक उचललं आणि त्यांच्या आगरी हेलात वाचलं. कुठे काही विचारलं नाही, मध्येच एका चित्रापाशी बोट ठेवून नुसते थांबले. सगळे शिक्षक पुढे झुकले होते. मी नंतर विचारलं, एवढं कुठे शिकलात? म्हणाले, "मी रोज वर्ग झाडतो ना. कपाटाच्या काचेला पोरांच्या नाकाचे डाग असतात. कुठच्या पुस्तकासमोर जास्त डाग, ते मला ठाव आहे." नवीन खरेदीची यादी करताना त्या शाळेने मामांना विचारावं, असा आग्रह मी मुख्याध्यापकांपाशी धरला. समग्र शिक्षा अभियानातून ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते पैसे वेळेत आणि विचार करून खर्च झाले तर लहान शाळेला पुरेसे आहेत. पण यादी बऱ्याचदा एका दुपारी, मार्चअखेरीला, पुस्तकं न पाहता होते. काचेवरचे डाग पाहणारा माणूस त्या बैठकीत हवाच.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला धडकलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, तसे शाळांचेही उडाले. शाळा कोरोनामुळे मार्चपासूनच बंद होत्या. पहिली ते चौथीचे वर्ग गावांत पुन्हा भरले ते डिसेंबर २०२१ मध्ये. या काळात भिजलेल्या कपाटांकडे कोण बघणार? लोकांना स्वतःच्या डोक्यावर छप्पर नव्हतं.

ओली पुस्तकं वाचवण्याचं तंत्र जगाने मोठी किंमत देऊन शिकलंय. १९६६ मध्ये फ्लॉरेन्सला पूर आला, लाखो ग्रंथ चिखलात गेले आणि त्यानंतर या विषयाचा कसून अभ्यास झाला. पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. तेवढ्यात सुकवणं जमणार नसेल तर पुस्तकं गोठवून ठेवायची आणि सवडीने सुकवायची. आमच्या किनाऱ्यावर मासळीसाठी बर्फाचे कारखाने आहेत, शीतपेट्या आहेत. हे तंत्र इथे सहज वापरता येईल असं मला नेहमी वाटतं. पण वादळानंतर वीजच कितीतरी दिवस नव्हती. आणि मुलांची चित्रपुस्तकं गुळगुळीत कागदाची. तो कागद ओला होऊन सुकला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते. कादंबऱ्या कशाबशा वाचतात, लहान मुलांची पुस्तकं आधी जातात.

एका शाळेत नंतर गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी आतल्या खोलीत नेऊन दोन पोती दाखवली. तोंडं सुतळीने बांधलेली. आत लगदा होता, वाळवीने पोखरलेला, मध्येच एखादा रंगीत तुकडा. मी विचारलं, हे ठेवलंय कशाला? ते म्हणाले, "मॅडम, दाखलनोंदीत आहेत ना ही. टाकली तर पुस्तकं कमी दिसतील. आहे म्हणून दाखवायला ठेवली." त्यांच्या बोलण्यात जराही खोट नव्हती. पुस्तक वाचण्यायोग्य आहे का, हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. आहे की नाही, एवढंच विचारलं होतं. मला त्या पोत्यांपाशी फार वाईट वाटलं, आणि रागही आला. त्या भल्या माणसाचा राग नव्हे, त्याला एवढं भित्रं करून ठेवणाऱ्या रीतीचा.

तेव्हापासून निर्लेखन हा विषय मी पहिल्या दिवशीच घेते. ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत तो शेवटच्या प्रकरणात असतो. इथे तो आधी हवा. फाटलेलं, कुजलेलं, कालबाह्य पुस्तक यादी करून, शाळेतल्या समितीच्या सह्या घेऊन, वरिष्ठांच्या मंजुरीने नोंदीतून काढता येतं. तो गुन्हा नाही, काम आहे. आम्ही हॉलमध्येच सरावाची यादी करतो. पन्नास जुनी पुस्तकं, प्रत्येकाने पाच काढायची आणि कारण एका ओळीत लिहायचं. पहिलं पुस्तक काढताना हात अडखळतात. तिसऱ्यापासून वेग येतो. सोबत किनाऱ्यावरच्या कपाटांची पावसाळ्याआधीची तयारी: कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, पाय विटांवर, सर्वांत खालचा खण रिकामा, बिजागऱ्यांना मशीनचं तेल. खोबरेल लावू नका, त्यावर धूळ बसून घट्ट होतं. खारी हवा वर्षभरात कुलूप धरून बसते, आणि न उघडणारं कुलूप हे कपाट न उघडण्याचं फार सोयीचं कारण होतं.

माध्यमांच्या सत्राला मी बालचित्रवाणीचं नाव घेऊन सुरुवात करते. पुण्याची ही संस्था १९८४ मध्ये उभी राहिली, दूरदर्शनसाठी मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम करायची. चाळिशीच्या पुढच्या शिक्षकांना नाव ऐकताच तिचं शीर्षकगीत आठवतं, काहीजण गुणगुणतात. २०१७ मध्ये ती बंद झाली. मराठीत मुलांसाठी दृक्‌श्राव्य साहित्य करणारी एवढी अनुभवी संस्था आपण बंद होऊ दिली, ही मला आजही लागणारी गोष्ट आहे. शाळांना तेव्हा टीव्ही मिळाले होते, ते लाकडी खोक्यात, कुलपाच्या आत. कार्यक्रमाची वेळ व्हायची तेव्हा चावी असणारे गुरुजी केंद्रशाळेच्या बैठकीला गेलेले असायचे. पुढे टॅब आले, प्रोजेक्टर आले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. वस्तू बदलल्या, चावी सांभाळणाऱ्याची भीती तीच राहिली. त्यामुळे या सत्रात आम्ही प्रोजेक्टर कसा लावावा यापेक्षा मुलांच्या हातात काय देता येईल यावर जास्त वेळ घालवतो.

एका तरुण शिक्षकाने हे मनावर घेतलं आणि सातवीच्या मुलांना घेऊन भल्या पहाटे बंदरावर लिलाव रेकॉर्ड करायला गेला. मोबाइल बाहेर काढताच एक मावशी कडाडल्या, "फोन खाली ठेव आधी! आमचा भाव ससून डॉकला कळवशील काय?" मुलं घाबरली. शिक्षकही बावरला. पण तो निघून आला नाही. दुसऱ्या दिवशी फोन न घेता गेला, मावशींच्या शेजारी बसला आणि काय हवंय ते सांगितलं: भाव नको, माशांची नावं हवीत, कुठला मासा कुठल्या महिन्यात येतो ते हवं. मावशींनी अट घातली. आपल्या आवाजातलं आधी आपल्याला ऐकवायचं, मग शाळेत न्यायचं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा दर्यावर जायला लागल्या तेव्हा मुलांनी चार सकाळी रेकॉर्डिंग केलं. एका ठिकाणी मावशींनी स्वतःच, "हे काढ, हे चुकीचं सांगितलं मी," म्हणून दुरुस्ती केली. संमती, संपादन, मूळ सांगणाऱ्याचा हक्क, हे शब्द आम्ही हॉलमध्ये तासभर समजावतो. मावशींनी ते मुलांना पाच मिनिटांत शिकवलं.

मग प्रश्न आला की या रेकॉर्डिंगची नोंद कुठे करायची. दाखलनोंदवहीत लेखक, प्रकाशक, किंमत असे रकाने. शिक्षकाने लेखकाच्या रकान्यात मावशींचं नाव लिहिलं आणि किंमतीच्या रकान्यात 'भेट'. माझ्या मते नोंद अगदी बरोबर आहे. याच किनाऱ्यावर आक्षीला शके ९३४ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध वर्षानुवर्षं संप चालवला, त्यांची नातवंडं-पतवंडं आज शाळेत आहेत. हे सारं शाळेच्या कपाटात यायचं तर कोणीतरी बाहेर जाऊन ते गोळा करायला हवं. प्रकाशकाच्या यादीत ते मिळणार नाही.

शेवटची हकिगत डोंगराकडच्या एका कातकरी वाडीवरच्या बाईंची. तिथली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही जातात. नियमाप्रमाणे सात दिवसांत पुस्तक परत यायला हवं, म्हणून ऑक्टोबरपासूनच या मुलांना पुस्तकं देणं बंद व्हायचं. चौथीतली एक मुलगी निघायच्या आदल्या दिवशी बाईंकडे आली आणि तीन पुस्तकं मागितली. बाईंनी प्रशिक्षणात हजारामागे पाचचा हिशेब ऐकला होता. त्यांनी दिली. परतीच्या तारखेच्या रकान्यात त्यांनी 'पहिला पाऊस' असं लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, अशी तारीख नसते. मग ३१ मे लिहिली.

जूनमध्ये मुलगी आली. दोन पुस्तकं परत आली, प्लास्टिकच्या पिशवीत, कडांना विटांची लाल भुकटी लागलेली. तिसरं भट्टीवरच राहिलं होतं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलाने ते वाचायचं म्हणून ठेवून घेतलं होतं. आणि परत आलेल्या दोन्ही पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नावं लिहिलेली होती. भट्टीवरच्या मुलांची नावं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचीही, तिने स्वतः लिहून घेतलेली. नावासमोर पुस्तक किती दिवस नेलं तेही.

ती पुस्तकं घेऊन बाई पुढच्या प्रशिक्षणाला आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, ही देवघेव धरायची की नाही?" हॉलमध्ये वाद पेटला. एक सर म्हणाले, ही मुलं आपल्या पटावर नाहीत, नोंद करता येणार नाही. अर्धवेळ ग्रंथपाल ताडकन उठले आणि म्हणाले, नियमात 'वाचायला दिलेली पुस्तकं' म्हटलंय, पट कुठे म्हटलाय? शिवणाच्या बाईंनी विचारलं, हरवलेल्या तिसऱ्या पुस्तकाचं काय, ते हरवलंय की अजून फिरतंय? चहा आला तरी कोणी उठलं नाही. शेवटी ठरलं की देवघेवीच्या वहीत वेगळं पान करायचं, वर भट्टीचं गाव लिहायचं, मुलीने लिहिलेली नावं जशीच्या तशी उतरवायची आणि 'पुस्तक कोणी दिलं' या रकान्यात त्या मुलीचं नाव घालायचं. तिसरं पुस्तक 'येणे बाकी' म्हणून ठेवायचं. बाईंनी तिथेच वही काढली आणि पान आखायला घेतलं.